तक्रार पत्र: तुमच्या 'ओन्सेन'मध्ये आधी अंग कुठे धुवायचं?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग
(पुणे शाखेबाबत)

विषय: १८ जानेवारी, दुपारी ४.३० चं 'जपानी ओन्सेन अनुभव, दोघांसाठी' हे बुकिंग. सेवेतील त्रुटी, दिशाभूल करणारी जाहिरात आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या लग्नाला ३० वर्षं झाली म्हणून मुलीनं बंगळूरहून तुमच्याकडचं हे ओन्सेनचं, म्हणजे जपानी गरम झऱ्याच्या पाण्यातल्या स्नानाचं, पॅकेज ऑनलाइन घेऊन दिलं. ८,४०० रुपये तिनं आधीच भरले होते. तुमच्या हेल्पलाइनवर मी तीनदा फोन केला. उत्तरादाखल "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असा मेसेज आला आणि सोबत पुढच्या भेटीवर १५ टक्के सवलतीचं कूपन. आमटीत झुरळ निघालं म्हणून उद्याच्या थाळीवर सूट, असा हा प्रकार झाला. म्हणून आता लेखी तक्रार करते आहे.

मी जपानी भाषेची तांत्रिक अनुवादक आहे. १९९८ साली कंपनीनं मला दोन वर्षांसाठी ओसाकाला पाठवलं होतं. आमच्या खोलीत न्हाणीघर होतं ते उभं राहण्यापुरतं, त्यामुळे थंडीत मी गल्लीतल्या सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात जायची. पहिल्याच दिवशी मी अंगावर चार तांबे ओतल्यासारखं करून टाकीकडे निघाले. शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या आजीबाईंनी माझा हात धरला, बादली माझ्याकडे सरकवली आणि स्वतःच्या कानामागे बोट लावून दाखवलं. माझ्या कानामागे साबण राहिला होता. तो धुऊन होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या, मग मान डोलावली. त्या मानेच्या परवानगीनंतरच मी पाण्यात उतरले.

हे सांगायचं कारण असं की तुमच्याकडे ती आजी नाही, स्टूल नाही, बादलीही नाही. शोभेची एक लाकडी बादली रिसेप्शनवर आहे, तिच्यात प्लॅस्टिकचा बांबू ठेवलाय.

तुमच्याकडे कपडे बदलून आल्यावर मी अटेंडंट मुलीला विचारलं, "अंग कुठे धुवायचं?" ती म्हणाली, "मॅडम, शॉवर बाहेर आल्यावर. आधी घ्यायचा असेल तर ऑप्शनल आहे." आधीचा शॉवर ऐच्छिक! अहो, सगळी गोम तिथेच आहे. जपानी माणूस टाकीत जातो तो स्वच्छ होण्यासाठी नव्हे. स्वच्छ तो बाहेर होतो, बसून, साबण लावून, डोकं धुऊन. टाकीतलं पाणी सगळ्यांचं असतं, म्हणून त्यात साबणाचा फेस जाऊ द्यायचा नाही, छोटा टॉवेलसुद्धा बुडवायचा नाही, तो डोक्यावर घडी करून ठेवायचा, मोकळे केस वर बांधायचे. हा नियम पाळायला एक नळ, चार स्टुलं आणि भिंतीवर एक पाटी लागते. तुम्ही कागदी कंदील लावलेत, बासरी लावलीत, दगडावर दगड रचलेत. नळाचाच तेवढा विसर पडला.

आणि विसर पडल्याचा परिणाम पाण्यावर तरंगत होता. शब्दशः. आमच्या आधीच्या बॅचमधले दोघे तुमच्याच मसाज विभागातून तेल चोपडलेल्या अंगानं थेट टाकीत उतरले होते. आम्ही उतरलो तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग होता, दिव्याखाली जांभळा-हिरवा चमकणारा, पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यात दिसतो तसा. तुम्ही सोडलेल्या गुलाबाच्या पाकळ्या त्या तवंगाला चिकटून टाकीच्या कडेला गोळा झाल्या होत्या आणि तिथे बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा बसला होता. मी नखानं खरवडून पाहिला. निघाला, नखात बसला. घरी येऊन पुन्हा अंघोळ केली. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावतात, पण ते धुऊन टाकायला. त्या पाण्यात पुढच्या चार पाहुण्यांना बसवत नाहीत.

माझे यजमान आयुष्यभर जलशुद्धीकरणाच्या कामात होते. ते अशा ठिकाणी गप्प बसत नाहीत. (मी बसायला सांगितलं होतं.) त्यांनी पाण्यातली क्लोरीनची पातळी विचारली. उत्तर आलं, "सर, पाणी एकदम फ्रेश आहे." घाम, तेल, साबण यांच्याशी झुंजण्यातच क्लोरीन खर्ची पडतो आणि जंतूंसाठी पुरेसा उरत नाही, हे त्यांनी त्या मुलाला समजावलं. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात पोसतो आणि त्याचे पाण्यातून उडालेले सूक्ष्म तुषार श्वासातून आत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. तुमची टाकी नेमकी त्याच तापमानाची, वर कारंजंही आहे. मुलगा बिचारा "हो सर, हो सर" करत राहिला. त्याला कुणी काही शिकवलेलंच नाही, हे उघड दिसत होतं.

मग यजमानांची नजर दाराजवळच्या तक्त्यावर गेली. दर तासाला पाण्याचं तापमान लिहून सही करायचा तक्ता. प्रत्येक ओळीत '४१'. छान. फक्त घड्याळात तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तक्ता रात्री ९ पर्यंत भरलेला होता, सह्यांसकट. आम्ही थर्मामीटर मागितला. मुलानं आणला, बुडवला, आकडा आला ३६. जपानी टाकीचं पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, म्हणून तर माणूस 'आऽऽ' करत आत बसतो. ३६ अंशांत ते सुख मिळत नाही, आम्हालाही मिळालं नाही. तक्त्याचा फोटो सोबत जोडला आहे, त्यात भिंतीवरचं घड्याळही दिसतं.

आता जाहिरातीबद्दल. तुमच्या पानावर 'नैसर्गिक खनिजयुक्त ओन्सेन जल' आणि 'अस्सल हिनोकी लाकडाची टाकी' असं छापलं आहे. (हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस, एक सुवासिक लाकूड.) पुण्यात जमिनीतून ऊन पाणी येतं असं सांगितलं तर शेंबडं पोरही हसेल. त्यासाठी आम्ही पालीजवळ उन्हेऱ्याला जातो नाहीतर वज्रेश्वरीला. ती अपेक्षा नव्हतीच. पण शब्द वापरलात तर तो काय आहे हे ठाऊक हवं. जपानमध्ये ओन्सेनचा १९४८ चा कायदा आहे. जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी किमान २५ अंश असलं पाहिजे किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी ठरावीक प्रमाणात त्यात असला पाहिजे, तरच ते ओन्सेन. पाण्यात काय काय आहे याची पाटी स्नानगृहात लावावी लागते. साधं पाणी तापवून वापरलं तर त्या स्नानगृहाला सेन्तो म्हणतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दोन वर्षं मी त्याच पाण्यात बसले.

तुमच्या मुलानं विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं की पाणी बोअरचं आहे आणि सकाळी त्यात 'सॉल्टचं पाकीट' टाकतात. हेच नागानो प्रांतातल्या शिराहोने इथे घडलं होतं. दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेलं ते गाव. रंग उतरला म्हणून काही ठिकाणी पाण्यात गुपचूप पावडर मिसळत असल्याचं २००४ साली बाहेर आलं आणि देशभर गदारोळ झाला. तिथे निदान मूळ पाणी तरी झऱ्याचं होतं!

टाकी फायबरची आहे. वरच्या काठाला तेवढी लाकडी पट्टी मारली आहे. हिनोकीला लिंबाच्या सालीच्या जवळपास जाणारा वास असतो, तो तुमच्याकडे कोपऱ्यातल्या डिफ्यूजरमधून येत होता. सागवानाची टाकी करून 'सागवानाची' म्हणाला असतात तरी मला आवडलं असतं. जपानी गोष्ट पुण्यात नीट उभी राहू शकते, हे सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानानं दाखवलं आहे. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलं आहे. तिथली झाडं इथल्या मातीतली आहेत, पण पाणी कुठून वळवायचं आणि पायवाट कुठे मोडायची, हे करणाऱ्यांनी समजून घेतलेलं जाणवतं.

पोहण्याचे कपडे घालून उतरा, असं तुम्ही सांगता. तिथे विवस्त्र उतरतात, पण इथे तुमचंच बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. टाकीत बसून मोबाइलवर रील करणाऱ्या जोडप्याबद्दल आहे. 'डिजिटल मौन' ही तुमच्याच भिंतीवरची पाटी त्यांच्या रीलमध्ये मागे दिसत असेल. 'मनसोक्त' असं छापलेलं स्नान विसाव्या मिनिटाला घंटा वाजवून संपवलंत, कारण पुढची बॅच दारात उभी होती, तेही सांगून ठेवते.

यानंतरची गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटेल, मला वाटली नाही. बाहेर आल्यावर आम्हाला युकाता, म्हणजे किमोनोसारखे सुती जपानी झगे, नेसवले. युकात्याची डावी बाजू उजवीवर येते. उलट, म्हणजे उजवी डावीवर, फक्त प्रेताला नेसवतात. तुमच्या मुलीनं आम्हा दोघांना उजवी डावीवर करून घट्ट गाठ मारून दिली. मी माझा गुपचूप बदलून घेतला. यजमान तसेच उभे राहिले आणि 'अ‍ॅनिव्हर्सरी कपल' म्हणून त्यांचा माझ्यासोबत फोटो काढला. तो फोटो संध्याकाळी तुमच्या सोशल मीडियाच्या पानावर होता, आम्हाला न विचारता. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी एक सुवासिनी आणि शेजारी तिरडीच्या तयारीतला नवरा. ओसाकाच्या माझ्या जुन्या सहकारी बाईंनी तो पाहिला आणि "सगळं ठीक आहे ना?" असा मेसेज केला. यजमान दोन दिवस हसत होते. मी नव्हते.

शेवटी बिल. निघताना काउंटरवर 'सेवा शुल्क ८४० रुपये' आणि 'युकाता भाडे प्रत्येकी ३०० रुपये' असे १,४४० रुपये घेतले. बुकिंगच्या पानावर यातलं एकही नव्हतं, स्क्रीनशॉट सोबत आहे. मी वाद घातला नाही, कारण मागे रांग होती आणि केस ओले होते.

माझ्या मागण्या:

जादा घेतलेले १,४४० रुपये पूर्ण परत करावेत. मूळ रकमेपैकी निम्मे, म्हणजे ४,२०० रुपये, परत करावेत. एकूण ५,६४० रुपये, मुलीच्या ज्या खात्यातून भरणा झाला त्याच खात्यात. कूपन नको.

आमचा फोटो हे पत्र मिळाल्या दिवशी काढून टाकावा.

'ओन्सेन जल' आणि 'हिनोकी' हे शब्द जाहिरातीतून काढावेत किंवा ते खरे असल्याची कागदपत्रं दाखवावीत.

मसाजचे ग्राहक अंग धुतल्याशिवाय टाकीत उतरणार नाहीत अशी सोय करावी आणि पाणी तपासल्याचा खरा अहवाल दर्शनी भागात लावावा. स्टुलं कुठे मिळतील असा प्रश्न पडला, तर तुळशीबागेत प्लॅस्टिकची मिळतात. तेवढी पुरतील, जपानमध्येही बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचीच असतात.

१५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि माझ्याकडे वेळ आहे. यजमानांकडे तर भरपूरच आहे.

एक विनंती. त्या अटेंडंट मुलीवर किंवा मुलावर यात काही ढकलू नका. दोघांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, थर्मामीटर लपवला नाही, आणि यजमान पायरीवर घसरताना त्या मुलानंच त्यांना सावरलं. तक्ता आधीच भरून ठेवायला त्याला कुणी सांगितलं, ते तुम्ही वर शोधा.

कळावे,

आपली ग्राहक
(बुकिंग मुलीच्या नावावर, पावती, तक्त्याचा फोटो आणि स्क्रीनशॉट सोबत)

ता. क.: यजमानांच्या चष्म्याचा तपकिरी डबा लॉकर क्र. १४ मध्ये राहिला आहे. चष्मा घरी आहे, डबाच तेवढा राहिला. कुरिअरनं पाठवलात तर खर्च आम्ही देऊ.