शाळेचं कर्ज आणि आमची घरपट्टी

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी हे सांगतो, छोटूची शाळा पडकी नाही. "आमचा वर्ग डब्यात भरतो" असं तो फोनवर म्हणाल्यापासून आईला झोप नाही, असं ताईनं कळवलं. अगं, ती ट्रकवरून आणून ठेवलेली तयार खोली असते. एसी आहे, हीटर आहे. गळतो तो शेजारचा वर्ग.

बाबा, दारोदारी मतदानाच्या पाट्या दिसतात तर उभं कोण आहे, असं विचारलंत. कर्ज उभं आहे! शाळेची इमारत नवी बांधायची तर इथलं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, कर्जरोखे काढतं, आणि काढू का, हे आधी मतदारांना विचारावं लागतं. कॅलिफोर्नियात पूर्वी दोन-तृतीयांश मतं लागायची. २००० साली प्रॉपोझिशन ३९ नावाचा प्रस्ताव मतदारांनीच मंजूर केला, तेव्हापासून ५५ टक्क्यांवर भागतं. पण अटी आहेत. पैसा बांधकाम-दुरुस्ती, जागा नि सामानालाच, मास्तरांच्या पगाराला एक डॉलर नाही. हिशेब बघायला नागरिकांची समिती, तिच्यात करदात्यांच्या संघटनेचाही माणूस. आणि मतदारांना घरपोच जी पुस्तिका येते, तिच्यात कर्जाच्या बाजूचं आणि विरोधातलं, दोन्ही म्हणणं छापलेलं! शेजाऱ्याकडून आणून रात्री सगळी वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळेला एक खोली मिळावी म्हणून तुम्ही पंचायत समितीचे किती उंबरे झिजवलेत, ते आठवत होतं.

फेड मात्र घरपट्टीतून. आमच्यासारख्या डिस्ट्रिक्टला एका वेळच्या कर्जापायी घराच्या करमूल्यावर लाख डॉलरमागे वर्षाला ६० डॉलरपर्यंतच कर धरता येतो. मूल शाळेत असो-नसो, घरमालकानं भरायचा. मीही भरणार, पण मला मत नाही, कारण मी इथला नागरिक नाही. शेजारी भाडेकरू आहे, त्याला मत आहे. त्याला म्हटलं, माझ्या वाटचंही तूच टाक. हसला, कुठं टाकणार ते बोलला नाही.

यात "लुबाडतात" असं काही नाही, काकांना सांगा. शाळा चांगली म्हणून तर या भागात घर घेतलं. तेव्हाही तुम्ही घाई करू नको म्हणाला होतात, माहीत आहे.

आता लग्नाचं. घरपट्टीचा पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत भरायचा आहे, म्हणून कार्यालयाचे उरलेले पैसे त्यानंतर पाठवतो. तोवर एफडी मोडू नका. दागिन्यांचंही ताईला म्हणावं, मी बघतो. आम्ही नाताळच्या सुट्टीतच येऊ शकू, म्हणजे केळवणं चुकतील आणि हळदीच्या आदल्या दिवशी पोचू. मुलं गैरहजर राहिली तर इथं शाळेचं अनुदान कापलं जातं, असं व्याह्यांना सांगा. खरंच आहे ते. रजेचंही आहेच, पण ते त्यांना नको सांगायला.

मांडवाच्या कामाला बाबांनी शिडीवर चढायचं नाही. माणसं लावा, पैसे माझे.

तुमचा,
बंड्या