थोल

ग्लासगो, रविवार रात्र

प्रिय कुंदे,

तू फोन ठेवलास त्याला येत्या पंधरा तारखेला पावणेदोन वर्षं होतील. एवढ्यात चार पत्रं लिहायला घेतली आणि चारही फाडली. हे टाकणार आहे. तब्येती ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, ह्यांची शुगर आटोक्यात आहे. ते असो.

मंगळवारी जे झालं ते ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं मग?" तेव्हाच ठरवलं, हे कुंदीलाच लिहायचं.

खालच्या मजल्यावरच्या आजी तुला माहीत आहेत, ख्रिसमसला मला केक देऊन चकली मागणाऱ्या. मी कामावरून आले तर त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या. मांडीत पाच किलो बटाट्यांची पिशवी, शेजारी एक रिकामी. ह्या पिशवीतला एकेक बटाटा काढून त्या पिशवीत टाकायच्या. मग दोन्ही पिशव्या दोन हातांत धरून उचलून बघायच्या, आपल्या बाजारातली म्हातारी तागडी धरते तशा. पुन्हा एक बटाटा इकडून तिकडे. सांधे सुजून त्यांच्या बोटांचं अगदी आल्याचं कुडं झालंय गं. म्हटलं, "द्या, मी आणते वर." नको म्हणाल्या. "दुखत नाही का?" असं विचारलं तर मान न उचलता म्हणाल्या, "अख, यी जस्ट थोल इट, हेन."

हेन म्हणजे कोंबडी. इथे बायकांना लाडानं तसं म्हणतात. नानांनी तुला एकदा "कोंबडे" म्हटल्यावर आठवडाभर तू त्यांच्या चहात साखर घातली नव्हतीस, ते आठवून मला जिन्यातच हसू आलं.

पण मनात राहिला तो 'थोल'. फार्मसीच्या काउंटरवर हा शब्द मी बारा वर्षं ऐकतेय. दाढ ठणकणारा माणूस येतो, "आय कॅने थोल इट", म्हणजे सोसवत नाही, असं म्हणतो, मी गोळी देते. थोल म्हणजे सोसणं. इतकंच माहीत होतं. आजींच्या तोंडी तो शब्द त्या पिशव्यांसकट आला, म्हणून रात्री स्कॉट्सच्या, म्हणजे इथल्या बोलीच्या, मोठ्या कोशात शोधला. शब्द फार जुना निघाला. जुन्या इंग्रजीत 'थोलियन', नॉर्स भाषेत 'थोला'. लंडनकडच्या इंग्रजीनं तो कधीच टाकून दिला. स्कॉटलंडनं, इंग्लंडच्या उत्तरेनं आणि आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरनं जपला. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'गेडुल्ड', म्हणजे धीर. लॅटिनमधला 'तोलेरारे' त्याच मुळाचा, ज्याच्यावरून 'टॉलरेट' आलं. ग्रीकमध्ये 'तालांतोन', म्हणजे तराजू, वजन. आपण ज्याला टॅलेंट म्हणतो ते तिथून आलं. मूळ अर्थ उचलणं, पेलणं. आणि त्याच ओळीत पुढे, कुंदे, संस्कृत 'तुला'. म्हणजे आपला तोल! तोलणं!

मी उठून पाणी प्यायले. माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन पिशव्याच येत होत्या.

आता तुला आवडेल असं एक सांगते. इथेही स्कॉट्सला बिघडलेलं इंग्रजी समजायचे, शाळेत बोललं तर छडी मिळायची. आपल्या मराठीच्या बाई तुझ्या "व्हय"वर पट्टी आपटायच्या, तसंच. जॉन जेमिसन नावाचा एक पाद्री फॉरफर गावी होता, त्याचंही पहिल्यांदा तेच मत होतं. मग थोर्केलिन नावाचा आइसलंडचा विद्वान तिथे आला आणि म्हणाला, ह्या भागात मी कितीतरी शब्द असे ऐकले की जे आमच्याकडच्या जुन्या भाषेतले आहेत. जेमिसन शब्द टिपायला लागला आणि 1808 साली एडिंबरात त्याचा दोन खंडांचा कोश निघाला. तुझ्या "व्हय"ची कड घ्यायला असा कुणी आला नाही. मीसुद्धा बाकावर गप्प बसले होते.

आणि मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती, तुमच्या नानांच्या कपाटात कणा निघालेली होती ती, तिच्या सुरुवातीला मराठी कशाकशाची बनली आहे ह्यावर लिहिणारे जॉन विल्सन, मुंबईच्या विल्सन कॉलेजचे, ते इथल्याच लॉडर गावचे. लहानपणी त्यांनी 'थोल' ऐकला असणारच असं मला आपलं वाटतं.

मुद्द्यावर येते. टाळत होते.

मी तुला किती वेळा म्हणाले असेन, "थोडं सोसलं असतंस तर"? तू माहेरी आलीस तेव्हा म्हणाले. अक्काच्या तेराव्याला, वाढता वाढता म्हणाले. चिनूच्या बारशालाही म्हणाले असेन, तुलाच नक्की आठवत असेल. आणि शेवटी त्या फोनवर. सोसायला सांगण्याचाच मला सोस होता गं.

ह्या शब्दाच्या मागे लागल्यावर इथला जुना कवी बर्न्स काढला. 1785 साली नांगराखाली उंदराचं बीळ मोडलं, त्यावरच्या कवितेत आता थंडी 'थोल' करणं त्या बिचाऱ्या जिवाच्या नशिबी येतं. दुसऱ्या एका कवितेत गरीब कुळांना जमीनदाराच्या कारभाऱ्याची अरेरावी 'थोल' करावी लागते. त्याच्या स्वतःच्या घरी अशीच धमकीची पत्रं यायची आणि सगळं घर रडायचं, असं त्यानं पुढे लिहून ठेवलंय. त्या ओळीत राग भरलाय. "सोसा बापड्यांनो" असा सूर कुठेच नाही. आजीही स्वतःच्या बोटांबद्दल बोलत होत्या. वजन ज्याच्या हातात असतं, त्याच्या तोंडी हा शब्द शोभतो. माझ्या हातात तुझं काय होतं? मी दुसऱ्या देशात, गरम खोलीत बसून तुला सांगत होते.

आणि एक सापडलं. ते वाचून मात्र मी रडले. स्कॉटलंडच्या कायद्यात 'थोल्ड असाइज' असा शब्द आहे. असाइज म्हणजे खटला. ज्यानं एका आरोपाचा खटला एकदा सोसला, त्याला त्याच आरोपासाठी पुन्हा उभं करता येत नाही. शेकडो वर्षांचा नियम आहे. 2011 च्या कायद्यानं त्याला काही अपवाद जोडले, त्यातला एक म्हणजे भक्कम नवा पुरावा. कुंदे, माझ्याकडे कधी नवा पुरावा होता का? तोच आरोप, तीच मी, आणि दर वेळी तुला उभं करायचं. तू तुझा खटला त्या घरात पाच वर्षं सोसून आली होतीस. आईनं सोडलं, नानांनी सोडलं, पाटीलसरांनीसुद्धा एक शब्द विचारला नाही. मी सोडलं नाही.

माझं चुकलं. हे फोनवर म्हणता आलं नसतं. माझा आवाज तुला माहीत आहे, मी लगेच समजावायलाच लागते.

(कॉलेजच्या नाटकाचे पैसे मात्र तूच हरवलेस, तो खटला अजून चाललेलाच नाही.)

चिनूची दहावी झाली ना? टक्के कळव. खानावळीला दुसरी बाई मिळाली का, की अजून एकटीच शंभर पोळ्या लाटतेस? छपराचं काय झालं? नानांचा चष्मा?

आजींच्या पिशव्या शेवटी आम्ही दोघींनी वर नेल्या, एक त्यांनी, एक मी. दर मजल्यावर थांबत होतो. माझ्या पिशवीत दोन बटाटे जास्त होते, मी मोजले नंतर.

पुढच्या रविवारी तुमच्या दुपारी तीनला फोन करते. जेवणं उरकलेली असतील. उचलावासा वाटला नाही तर राहू दे, मी त्यावर काही बोलणार नाही.

तुझीच,
शुभा