चॅनलचा विषय सोडू नकोस

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास की गाईडनी संशोधनासाठी दोन विषय पुढं ठेवलेत, एक प्रोटीएजचा, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचा, आणि एक विषाणूंच्या आयन चॅनलचा, म्हणजे विद्युतभारित कण आतबाहेर जाऊ देणाऱ्या प्रोटीनच्या वाटेचा, आणि तू दुसरा सोडणार आहेस कारण मित्र म्हणतात तो विषय संपलाय, अमँटॅडिन हे फ्लूचं जुनं औषध फेल गेलं तिथंच. तेव्हा मेडिकलच्या काउंटरवर गर्दी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून आता शटर ओढून लिहायला बसलेय. मला मनापासून वाटतं तू हाच विषय घ्यावास, का ते जरा सविस्तर सांगते.

अशोक चौकाकडून एक मामा येतात बघ, आधी यंत्रमागावर होते, आता पार्किन्सन्स आहे, त्यांचा मुलगा अमँटॅडिन १०० च्या स्ट्रिप नेतो. गेल्या खेपेला मामा स्वतः आले होते, खिशातनं नोटा काढून काउंटरवर ठेवेपर्यंत हाताचं थरथरणं थांबत नव्हतं, आणि मुलगा हळूच म्हणाला की रात्रीची गोळी घेतली की झोपच नाही, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात. मी म्हटलं डॉक्टरांना लगेच सांगा, दुसरा डोस दुपारी घेतला तर चालेल का तेही विचारा, मनानं बंद मात्र करू नका.

आता ही गोळी मुळात फ्लूची. अमेरिकेत १९६६ साली इन्फ्लुएंझासाठी तिला मान्यता मिळाली, पुढं पार्किन्सन्स असलेल्या एका बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून घेतली तर अंगाचा ताठरपणा कमी झाला, बंद केली तर परत आला, त्यातून तो उपयोग कळला. ती विषाणूचं नेमकं काय अडवते ते मात्र खूप नंतर समजलं. १९९२ मध्ये इन्फ्लुएंझा ए या फ्लूच्या विषाणूचं एम-टू प्रोटीन बेडकाच्या अंड्यांत तयार करून त्यातनं वाहणारा विद्युतप्रवाह मोजला आणि अमँटॅडिन घातल्यावर तो अडतो हे दाखवलं. फक्त ९७ अमिनो आम्लांचं, म्हणजे ९७ दुव्यांच्या साखळीचं, प्रोटीन रे! चार रेणू एकत्र येऊन मधे वाट करतात. विषाणू पेशीनं गिळला की एंडोसोममध्ये, म्हणजे त्याला गिळलेल्या पिशवीत, आम्लता वाढते, ३७ व्या जागेवरचं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल ते ओळखतं, वाट उघडते, प्रोटॉन विषाणूच्या आत शिरतात आणि आतला जनुकीय माल सुटा होतो. वाट बंद तर माल आतच अडकून राहतो.

मग फेल का गेलं? ३१ व्या जागेवर सेरिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी अस्पॅराजिन हे दुसरं आलं, बास, एवढाच बदल. गोळी तिथं बसेना. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं फ्लूसाठी ही औषधं वापरू नका असं सांगितलं, आणि २००९ ला पुण्यात स्वाईन फ्लूनं हाहाकार केला तेव्हा त्या विषाणूवरही अमँटॅडिन चालत नव्हतं, सगळी धावपळ ओसेल्टामिविर या दुसऱ्या फ्लूच्या औषधासाठी. पण नीट बघ, विषाणूनं चॅनल टाकून दिलं का? नाही! चॅनल तसंच चालू ठेवलं, फक्त औषध बसायची जागा बदलली. म्हणजे हरलं ते औषध, चॅनलची गरज विषाणूला आजही तेवढीच आहे. त्या बदललेल्या एम-टूला अडवणारे रेणूही प्रयोगशाळेत सापडलेत, ते औषधापर्यंत पोचले नाहीत ही वेगळी गोष्ट.

आणि मला सगळ्यात पटलेला पुरावा सार्सचा आहे. सार्सचा विषाणू कोविडच्या विषाणूचा नातलग, त्याच्या आवरणातलं ई नावाचं प्रोटीन चॅनलचं काम करतं, ते काम मोडलेले विषाणू उंदरांना दिले, २०१४ चं काम आहे, तर फुप्फुसात पाणी कमी साचलं, उंदीर जास्त वाचले. वाढता वाढता त्यातल्या काही विषाणूंनी नवे बदल करून चॅनल परत मिळवलं! ज्याच्यावाचून विषाणूचं अडतं ते तो असं परत मिळवतो, औषधासाठी याहून चांगली जागा कुठली असणार सांग की. कोविडचं ई प्रोटीन ७५ अमिनो आम्लांचं, पाच रेणू मिळून चॅनल होतं, आणि विषाणूच्या बाहेरच्या काट्याच्या, म्हणजे स्पाइक प्रोटीनच्या मानानं ते फार कमी बदललंय.

अडचणी मी लपवत नाही. आजवर मान्यता मिळालेली अशी औषधं म्हणजे अमँटॅडिन आणि रिमँटॅडिन, बाकी काही नाही. हिपॅटायटिस सीच्या विषाणूच्या पी-सेव्हन या चॅनलवर आशा होती, तिथंही शेवटी रोग बरा केला तो दुसऱ्याच औषधांनी. शिवाय मामांना भास होतात ते का, तर तोच रेणू मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या प्रोटीनलाही अडवतो आणि तेही एक आयन चॅनलच आहे, पार्किन्सन्सला उपयोग होतो त्यातही त्याचा वाटा आहे आणि त्रास होतो त्यातही. म्हणून विषाणूचं चॅनल बंद करणारा रेणू मिळाला की लगेच उड्या मारायच्या नाहीत, माणसाच्या चॅनलवर तो काय करतो ते आधी बघायचं. माझ्यासारखी रोज गोळ्या हातात देणारी बाई तुला हेच पहिलं विचारेल.

आणखी एक, प्रोटीन खरंच चॅनल आहे ना याची खात्री स्वतः कर. कोविडच्या विषाणूचं ओआरएफ-थ्री-ए नावाचं प्रोटीन चॅनल आहे असं बरेच जण धरून चालले होते, २०२३ मध्ये एका गटानं काळजीपूर्वक मोजलं तर त्यांना तसा प्रवाह मिळालाच नाही. चॅनल मोडलेलं प्रोटीन शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विसंबू नकोस, गाईड घाई करत असले तरी.

प्रोटीएजवर जगभर मोठमोठ्या लॅब बसल्यात, तिथं तू काय वेगळं करणार? इथं मात्र नीट केलेलं एक मोजमापसुद्धा कुणाच्या तरी कामाला येईल. सोमवारी सरांना भेटलास की एवढं विचार, पॅच क्लॅम्पची, म्हणजे चॅनलमधनं वाहणारा प्रवाह मोजायच्या पद्धतीची, सोय तुमच्याकडं आहे का का दुसऱ्या लॅबमध्ये जावं लागेल, आणि जावं लागलं तर तिथं शिकवणारं कुणी आहे का. राहण्याजाण्याच्या खर्चाचं माझ्यावर सोड. काय म्हणतात ते रात्री फोन करून सांग, नऊनंतर कर, तोवर गिऱ्हाईक असतं.

तुझी,
आई
सोलापूर