उत्सव कसला, उघडं मतदान होतं ते!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत रॉबर्ट डायटन या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराचं ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या निवडणुकीचं वॉटरकलर छापलंत, आनंद झाला, पण अर्धं चित्र मॉड्युलर किचनच्या जाहिरातीने खाल्लंय. मांडव कुठे संपतो नि गर्दी कुठे सुरू होते तेच कळेना. खाली कॅप्शन काय, तर ‘लोकशाहीचा मोकळा उत्सव’. वा!

लेखकमहाशयांना कुणीतरी सांगा की त्या लाकडी मांडवावर मतदाराने चारचौघांत आपलं मत बोलून दाखवायचं आणि कारकुनाने ते वहीत लिहून घ्यायचं, असा तो कारभार होता. या वह्या पुढे छापूनसुद्धा निघायच्या, म्हणजे घरमालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना कळलंच की तुम्ही कुणाचे. गुप्त मतदान यायला तिकडे १८७२ उजाडलं.

उघड्या मतदानाची मजा मला विचारा. आमच्या सोसायटीत बिनविरोध करूया म्हणता म्हणता एकदा हात वर करून अध्यक्ष निवडला, मी विरोधात हात वर केला, सेक्रेटरींनी चष्मा पुसून नीट बघून घेतलं. त्यानंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, फक्त माझ्या बेडरूमच्या वरचा तुकडा ‘नेक्स्ट फेज’मध्ये गेला, तो अजून तिथेच आहे आणि दर पावसाळ्यात आमच्याकडे बादली. त्यामुळे मला तरी त्या चित्रातल्या गर्दीत उत्सव दिसत नाही, खाली उतरल्यावर याचं काय होणार एवढंच डोक्यात येतं.

आणि १७८४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीवर एवढे रकाने भरलेत, त्यात डेव्हनशायरच्या डचेसने फॉक्स या उमेदवाराला मत मिळावं म्हणून खाटकाला मुका दिला ही चटकदार गोष्टच निम्म्या लेखात. अहो, ती तर विरोधकांच्या व्यंगचित्रांनी गाजवली! मुळात ती निवडणूक लागलीच कशामुळे, तर ईस्ट इंडिया कंपनीला लगाम घालणाऱ्या फॉक्सच्या बिलावरून सरकार पडलं म्हणून. बिल संसदेच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये पास, आणि राजा तिसऱ्या जॉर्जने दबाव आणून वरच्या, लॉर्ड्समध्ये पाडलं. मराठे आणि कंपनी यांच्यातला सालबाईचा तह होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि मराठी पेपरात कंपनीचं नावही नाही? फॉक्सच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघाचं (कॉव्हेंट गार्डनचा मांडव त्याचाच) मतदान ४० दिवस चाललं, जागा दोन, फॉक्स दुसऱ्या नंबरावर निवडून आला तरी मतांच्या तपासणीच्या नावाखाली अधिकाऱ्याने निकालच अडवून ठेवला, बिचारा तोवर स्कॉटलंडमधल्या टेन बर्ग्जच्या जागेवरून संसदेत बसला. हे मुक्यापेक्षा रंजक नाही का?

असो. चित्र पुढच्या रविवारी पूर्ण पानभर, जाहिरातीशिवाय छापावं ही विनंती. आणि गेल्या आठवड्याच्या शब्दकोड्याचं उत्तर आलेलं नाही, १४ आडवं अडलंय.

आपला,
एक जुना वाचक, पुणे