‘पुरेसा औषधसाठा’ आणि एकाच गोळीची तीन नावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळापूर्व आढावा बैठकीची बातमी आपल्या अंकात वाचली. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, कुठल्या पुलावर पाणी आलं की कुठला रस्ता बंद, सगळं व्यवस्थित दिलंय. आरोग्याच्या वाट्याला मात्र नेहमीचं एक वाक्य आलंय : ‘पुरेसा औषधसाठा उपलब्ध आहे.’ मी कृष्णाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी होतो. गावच्या भाषेत ‘गोळ्यांचं साहेब’. हे वाक्य मीही कित्येक वर्षं अहवालात लिहून वर पाठवलंय. ते किती पोकळ आहे ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चा पूर पाहिलेली माणसं भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विसंबून घरात बसली आणि पाणी खूण ओलांडून वर चढलं. पण आमच्याकडे औषधं कमी पडली नाहीत, उलट ठेवायला जागा पुरेना. रस्ते उघडताच पुण्या-मुंबईहून डॉक्टरांची पथकं आली, कॉलेजची पोरं आली, गणेश मंडळं आली. सगळी जीव लावणारी माणसं. अकराच्या सुमारास गाडीतून उतरायची आणि मला विचारायची, “काका, आम्ही कुठं जाऊ?” हे ठरवण्याचा अधिकार मला नव्हता. पण विचारायला दुसरं कुणी समोर नव्हतं. डॉक्टर बोटीतून गेलेले, वरच्या साहेबांचा फोन लागत नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. ज्या गावाला डांबरी रस्ता, तिथल्या शाळेत एका दिवसात चार शिबिरं. ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या वस्तीवर चार दिवस कुणी फिरकलं नाही.

एका आजींची गोष्ट सांगतो. निवारा शिबिरात भिंतीला टेकून बसलेल्या, दोन्ही पाय घोट्यापासून सुजलेले, उठलं की चक्कर. ‘पाण्यात उभ्या राहिल्या ना, त्यानं सुजले असतील’ असं म्हणून दोन पथकं पुढे गेली होती. मी त्यांना पिशवी दाखवायला सांगितली. साखरेची प्लॅस्टिक पिशवी, वर रबर. आत तीन वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या, तीन कंपन्यांची तीन नावं. खाली बारीक अक्षरांत तिन्हींवर एकच : अॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. रक्तदाबाची गोळी. तीन पथकांनी तीन दिवसांत रक्तदाब मोजला, वाढलेला दिसला, आपापल्याजवळची गोळी दिली. कुणाचीच चूक नाही. आजी रोज सकाळी तिन्ही घेत होत्या. पायाची सूज हा त्या गोळीचाच गुण. मात्रा वाढली की हमखास दिसतो. मी विचारलं, तिन्ही कशाला घेता? म्हणाल्या, “तिघं डाक्टर देऊन गेल्यात. एकाची घेतली आन् दुसऱ्याची टाकली, तर त्यो काय म्हणंल?”

याला साठा काय करणार? तिथं हवा होता एक चिटोरा. आजींच्या पिशवीत राहील असा, औषधाचं मूळ नाव आणि तारीख लिहिलेला, आणि पुढच्या डॉक्टरने आधी तो मागायचा असा नियम. खर्च शून्य.

पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचंही तसंच. एका संस्थेची गोळी वीस लिटरला एक, दुसरीची लिटरला एक, दोन्ही दिसायला पांढऱ्या नि गोल. मोठी गोळी बायकांनी कळशीत टाकली की वासानं पाणी तोंडात धरवेना. मग ते ओतून देऊन तसंच नळाचं प्यायचं.

खोक्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. ‘पूरग्रस्तांसाठी औषधे’ एवढंच वर लिहिलेलं. आत डॉक्टरांना फुकट मिळणारे नमुने, दोन-दोन गोळ्यांच्या पट्ट्या, अर्धी वापरलेली खोकल्याची बाटली, पुढच्याच महिन्यात मुदत संपणारं सिरप. मी आणि आमचा शिपाई दोन रात्री मेणबत्तीवर ते निवडत बसलो. त्याच दोन रात्रींत टीबीच्या रुग्णांच्या वाहून गेलेल्या गोळ्या कुणाकुणाला परत द्यायच्या ती यादी व्हायला हवी होती. पुढे वर्षभराने तपासणीला आलेल्यांनी त्या मुदतबाह्य ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, “याची आवक नोंद कुठाय?” (तेव्हा राग आला होता. आता हसू येतं.) जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ पासून लिहून ठेवलंय की दान केलेल्या औषधाची पोचताना किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, त्यावर मूळ नाव हवं, नमुने आणि परत आलेली औषधं पाठवू नयेत. आमच्या टेम्पोवाल्यांपर्यंत ते कुणी पोचवलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी वैतागून मी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतला चौथीचा फळा ताब्यात घेतला. वर कोपऱ्यात ‘आजचा सुविचार’ तसाच राहू दिला. खाली रेघा मारल्या : गाव-वस्ती, आज कोण गेलं, किती तपासले, ताप, जुलाब, जखमा, उद्या कोण. पथकांना सांगितलं, संध्याकाळी फळ्यावर आकडे लिहिल्याशिवाय चहा नाही. एक प्राध्यापक डॉक्टर होते, वयाने नि मानाने मोठे. तेही खडू घेऊन रांगेत उभे राहिले. तिसऱ्या संध्याकाळी त्याच ओढ्यापलीकडच्या वस्तीपुढे जुलाबाचा आकडा दोनाचा पाच आणि पाचाचा अकरा झालेला सगळ्यांना एकदम दिसला. तोवर प्रत्येक पथकाने तिथं आपापले दोन-तीनच रुग्ण पाहिले होते, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. सकाळी जाऊन विहिरीच्या पाण्याची ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहिलं. पिवळा रंग येईना. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, रोज टाकली जात होती, पण पोतं पुरात भिजलेलं. त्यात क्लोरीन उरलंच नव्हतं. नवं पोतं नेलं.

हा फळा लिहिताना खरी माहिती पुरवत होत्या त्या आशाताई. कुठलं कुटुंब कुठल्या शिबिरात, कुणाचा मुलगा इन्शुलिनवर, कुणाचे दिवस भरत आलेत. त्यातल्या एकीचं स्वतःचं घर छपरापर्यंत पाण्यात होतं आणि तिनं गरोदर मातांचं रजिस्टर दुधाच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावरून बाहेर काढलं होतं. लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटताना गरोदर बाया वगळायच्या, त्या कोण, हे तिच्या त्या रजिस्टरातूनच कळलं. आढावा बैठकीच्या फोटोत मात्र एकही आशाताई दिसली नाही. चार्जिंगची सोय आणि तिच्या फोनचा रिचार्ज कुणी करायचा, हा विषयही कुठल्या आराखड्यात माझ्या वाचनात नाही.

कायद्याने सगळं आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी प्रमुख आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्या प्राधिकरणाचे सदस्य. पण जमिनीवर पाहा : प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहर महापालिकेकडे आणि वैद्यकीय महाविद्यालय तर वेगळ्याच खात्याकडे. चौघांचा साठा वेगळा, अहवालाचा नमुना वेगळा, एकाच पुराचे चार अहवाल. एरवी हे चालून जातं. पुरात ‘काका, कुठं जाऊ?’ हा प्रश्न चौघांच्या मधल्या फटीत पडतो.

हा घोळ फक्त आपलाच आहे असं नाही. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत जगभरातून वैद्यकीय पथकं लोटली. काही उत्तम, काही नुसतीच उत्साही. शस्त्रक्रिया करून निघून गेलेली, पुढे मलमपट्टी कोण करणार याचा पत्ता नसलेली. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा पथकांची वर्गवारी आणि किमान निकष ठरवले. त्याचा मला कळलेला मथितार्थ साधा आहे : आधी यजमानाकडे नोंदणी करा, तुम्हाला काय येतं ते सांगा, पाठवतील तिथं जा, स्वतःची शिदोरी नि निवारा सोबत आणा, जाताना रुग्णांच्या नोंदी देऊन जा. पाव्हण्याने घरी यायची रीतच झाली की ही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर मी नवा नोकर म्हणून दहा दिवस होतो. तेव्हा हे कुठं लिहिलेलं नव्हतं म्हणून माफ. आता लिहिलेलं आहे, पण ते देशांच्या राजधान्यांपर्यंत उतरतं आणि तालुक्याच्या वेशीवर थबकतं.

म्हणून माझी मागणी मोठ्या आराखड्याची नाही. जाड पुस्तक कपाटात जातं आणि कपाट पाण्यात जातं. दोन पानं पुरे. सकाळी आठ वाजता तालुक्यात कुठल्या खोलीत बैठक, तिथं बोलायचा अधिकार कुणाचा, आणि तो बोटीत अडकला तर त्याच्यामागे कोण, हे नावाने नव्हे तर पदाने लिहा, कारण बदल्या मे महिन्यातच होतात. बाहेरून येणाऱ्या पथकाने आधी कुठं नाव लिहायचं ते गावच्या वेशीवर पाटी लावून सांगा. मदतीचं आवाहन निघेल तेव्हा ‘औषधे पाठवा’ असं मोघम न म्हणता नेमकी यादी द्या, आणि यादीत नसेल ते नम्रपणे परत करायची परवानगी औषधनिर्माण अधिकाऱ्याला लेखी द्या. आणि ही दोन पानं लिहायला बसताना एक आशाताई, एक आरोग्यसेविका आणि गावच्या पाण्याची निगा राखणारा एक जलसुरक्षक यांना खुर्ची द्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्याकडे पथकं पुन्हा अकरालाच उतरली आणि पुन्हा मलाच विचारत होती.

शाळा सुरू झाल्यावर गुरुजींनी फळा पुसला. त्यांचाही नाइलाज होता. पुसण्याआधी मी तो औषधं मागवायच्या इंडेंट फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतला. सोबत आमच्या हद्दीतल्या सगळ्या वस्त्या, कुठल्या रस्त्यावर किती फुटांना पाणी येतं त्यासह लिहिल्या आहेत. आराखडा करणाऱ्यांपैकी कुणाला हवा असेल तर झेरॉक्स काढून ठेवलीये. मी दुपारी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
कृष्णाकाठ, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)