खारेगावच्या गिरणीवाल्याचं ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

कळव्याजवळ खारेगावात माझी पिठाची गिरणी आहे. काल ऐन गर्दीच्या वेळी साडेसातला लाइट गेली, ती दहाला आली. "मेच्या आत लोडचा प्रश्न मिटला समजा," असं दिवाळीत छातीठोक सांगणाऱ्या वीज कंपनीच्या साहेबांचा फोन काल लागलाच नाही.

चालती गिरणी थांबली की दगडांत धान्य अडकतं. तसंच बटण दाबलं तर मोटर जळते. म्हणून दगड सोडवायचा, अर्धवट भरडलेलं हाताने उकरायचं, मग परत बसवायचा. काल आत एका काकूंची भाजणी होती. निम्मी वाया गेली, बोलणी मी खाल्ली. मोटर आधी एकदा जळलीच आहे. माझं बिल दहा वर्षांत दुप्पट झालं, आणि स्थिर आकार अंधारातही लागतोच.

बाहेरून जादा वीज आणायला नवी वीजवाहिनी टाकायला जागा नाही म्हणता. मान्य, खाडी, तिवरं, इमारती, कोर्टकचेऱ्या. पण जुनी तरी पुरी वापरता का? एक वाहिनी पडली तर दुसरीने भार पेलावा म्हणून दोन्ही वाहिन्या क्षमतेपेक्षा कमी, हात राखून चालवाव्या लागतात. वीज जिथे पोचते त्या टोकाला मोठी बॅटरी ठेवा. मध्यरात्रीनंतर भरा, संध्याकाळी सोडा. वाहिनी पडलीच तर ती क्षणात धावून येते, मग इतका हात राखावा लागत नाही. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ ३०० मेगावॅटची बॅटरी २०२१ पासून आहे. तिच्या जोरावर शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याकडून जुन्याच तारांतून उन्हाळ्यात २५० मेगावॅटपर्यंत जादा वीज आणता येते. तिथले लोक काही आकाशातून पडलेले नाहीत.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांनी मान टाकली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प. चौकशा झाल्या, सायबर हल्ल्याच्याही गप्पा झाल्या. हल्लेखोराची गरज काय? आपले आपणच पुरेसे आहोत! ऐरोली-रबाळ्यात डेटा सेंटरांना पायघड्या, आणि मी पाच हॉर्सपॉवर वाढवून मागितले तर सतरा कागद. समिती, निविदा, फेरनिविदा, नारळ. नारळ मात्र वेळेवर फुटतो.

कळव्याच्या उपकेंद्राशेजारी बॅटरी बसणार का आणि कधी, एवढं लेखी कळवा. मोटरीच्या रिवाइंडिंगचं बिल सोबत जोडलंय. ते कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर सरकवायचं, ते तुमच्या माणसांना शिकवावं लागणार नाही.

आपला,
एक ग्राहक, खारेगाव