घरच्या पोराची वहीतली किंमत शून्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपातल्या फुटबॉल क्लबांत खेळाडूंच्या बदल्यांचा मोसम आला की आपल्या क्रीडा पानांवर आणि कोल्हापुरातल्या चहाच्या गाड्यांवर एक वाद ठरलेला असतो. व्यावसायिक फुटबॉलपटूनं लहानपणी ज्या संघासाठी घसा फोडला त्याच संघाकडून खेळावं की नाही? वाद चालतो तो निष्ठा, पैसा आणि गद्दारी या तीन शब्दांवर. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड हा लिव्हरपूलच्याच वस्तीतला, सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला. तो स्पेनमधल्या रिअल माद्रिदला जाणार हे कळल्यावर मे २०२५ मध्ये अ‍ॅनफिल्डवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि आपल्याकडेही लोक त्यात तोंडभरून सामील झाले. क्लबाची हिशेबाची वही मात्र या वादात कुणी उघडत नाही. माझं म्हणणं त्या वहीवर उभं आहे. आवडत्या संघाकडून जरूर खेळावं, पण सुरुवात तिथून करू नये. आधी दुसरीकडे खेळ शिकावा, आपल्या नावावर एक रक्कम चढवावी आणि मग घरी यावं.

न्यूकॅसलचं उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या ईशान्येला असलेल्या या शहरात मोठा क्लब एकच. सेंट जेम्स पार्क हे मैदान ऐन गावात, आणि पोर जन्मलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट ठरलेलाच. त्यामुळे निष्ठेची परीक्षा तिथे जितकी स्वच्छ होते तितकी लंडनला होत नाही.

अ‍ॅलन शिअरर तिथल्याच गॉसफर्थ भागात जन्मला. जॅक हिक्सन या स्काउटनं त्याला हेरून साउदॅम्प्टनला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. तिथून तो ब्लॅकबर्नला गेला आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च लीग, जिंकला. १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेडही मागे लागलं होतं. ते सोडून तो दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला आला. त्या वेळी ही जगातली सर्वाधिक रक्कम होती. पुढच्या दहा वर्षांत २०६ गोल केले आणि कप एकही मिळाला नाही. १९९८ आणि १९९९ असे लागोपाठ दोन एफए कप अंतिम सामने हरले. त्याचं नुकसान झालं का? कपांच्या हिशेबात झालं. पण तो आला तेव्हा पंचविशीचा होता, लीगचं पदक घरात होतं, काय सोडतोय हे त्याला कळत होतं. निर्णय त्याचा होता.

डॅन बर्न जवळच्या ब्लाइथचा. न्यूकॅसलच्या अकादमीनं, म्हणजे क्लबाच्या मुलं घडवणाऱ्या शाळेनं, त्याला अकराव्या वर्षी काढून टाकलं. मग डार्लिंग्टन, फुलहॅम, विगन, ब्रायटन असा लांबचा फेरा पडला. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, न्यूकॅसलनं त्याला साधारण १ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतलं. १६ मार्च २०२५ ला वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्ध लीग कपचा अंतिम सामना होता. ४५ व्या मिनिटाला ट्रिपियरचा कॉर्नर आला. बर्न गोलसमोरच्या गर्दीत घुसलाच नाही, मागे मोकळ्या जागेत थांबला. त्याच्यावर नेमला होता मॅक अ‍ॅलिस्टर, वीतभर बुटका. लिव्हरपूलचे उंच बचावपटू गोलजवळची जागा राखत बसले आणि चेंडू पडला त्यांच्या मागे. इतक्या लांबून हेडर मारायचा तर चेंडूला नुसती दिशा देऊन भागत नाही, पळत येऊन मानेनं जोर द्यावा लागतो. बर्ननं तो दिला, चेंडू लांबच्या कोपऱ्यात गेला. न्यूकॅसल २-१ जिंकलं. १९५५ नंतर, म्हणजे ७० वर्षांनी, देशातला मोठा कप घरी आला. दुसरीकडे तासलेला माणूस घरी काय घेऊन येतो ते त्या एका कॉर्नरमध्ये दिसलं.

आता तिसरा, इलियट अँडरसन. किनाऱ्यावरच्या व्हिटली बे गावचा, लहानपणापासून न्यूकॅसलचा भक्त, आजोबा याच क्लबाकडून खेळलेले, आणि स्वतः आठव्या वर्षापासून अकादमीत. निष्ठावंतांच्या व्याख्येत याहून चोख बसणारा पोरगा सापडायचा नाही. जून २०२४ संपता संपता क्लबानं त्याला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकलं. खेळ कमी पडला म्हणून नव्हे, प्रशिक्षक एडी हाऊ यांनाही तो जायला नको होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो इंग्लंडकडून खेळला. मग विकला का?

कारण ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपतं. प्रीमियर लीगच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे क्लबाला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा दाखवता येत होता. त्यापुढे गेलं की गुण कापले जातात. त्याच मोसमात एव्हर्टनचे दोन वेळा मिळून ८ आणि फॉरेस्टचे ४ गुण गेले होते, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. मालक सौदी सरकारी निधी असला तरी खिशातले पैसे हवे तसे ओतता येत नाहीत. तोटा भरून काढायचा तर नफा दाखवायला हवा, आणि सगळ्यात झटपट नफा घरच्या पोरात असतो.

हे गणित नीट मांडतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. समजा क्लबानं एक खेळाडू ६ कोटी पौंडांना घेतला आणि करार ५ वर्षांचा केला. ती रक्कम वहीत एकदम खर्ची पडत नाही. पाच वर्षांवर विभागून दर वर्षी १ कोटी २० लाख धरले जातात. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत उरते ३ कोटी ६० लाख. त्या वेळी तो ४ कोटींना विकला तर नफा दिसतो फक्त ४० लाख. अकादमीतल्या पोराला कुणी विकत घेतलेलंच नसतं. त्याच्यावरचा खर्च वर्षानुवर्षं होऊन गेलेला, आणि अकादमीचा खर्च तर या नियमातून वगळलेलाच. वहीत त्याची किंमत शून्य. तो साडेतीन कोटींना गेला की साडेतीन कोटी निव्वळ नफा, तोही त्याच वर्षात. वर आणखी एक गंमत. येणाऱ्या खेळाडूचा खर्च पाच वर्षांवर पसरतो, जाणाऱ्याचा नफा एका वर्षात जमा होतो. म्हणजे पगार बाजूला ठेवला तर एका घरच्या पोराच्या साडेतीन कोटींवर पहिल्या वर्षापुरती साडेसतरा कोटींची खरेदी कागदावर बसवता येते. पुढची चार वर्षं ती कशी बसवायची? अकादमीत पुढचा पोरगा तयार होतच असतो.

म्हणूनच त्याच जूनमध्ये बाजारात अदलाबदली सुरू झाली. अ‍ॅस्टन व्हिलाचा टिम इरोएगबुनम एव्हर्टनला, एव्हर्टनचा लुइस डॉबिन व्हिलाला. चेल्सीचा मात्सेन व्हिलाला, व्हिलाचा केलीमन चेल्सीला. चेल्सीनं २०२३ मध्ये सहाव्या वर्षापासून क्लबात असलेला मेसन माउंट विकला आणि २०२४ मध्ये कॉनर गॅलाघर. अकादम्यांना उत्तेजन म्हणून केलेल्या सवलतीनं अकादमीतली मुलं घराबाहेर काढली, आणि या नियमाची निष्ठेच्या वादात कुणी आठवणही काढत नाही. २०२६-२७ पासून प्रीमियर लीग हिशेब बदलतेय, संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा आहे. पण खेळाडू विकून झालेला नफा त्या उत्पन्नाच्या बाजूला धरलाच जाणार. तेव्हा घरच्या पोराला विकण्याचा मोह यानं फारसा उतरेल असं मला वाटत नाही.

लुइस हॉलचं प्रकरण पाहा. हा स्लाऊमध्ये जन्मलेला, चेल्सीच्या अकादमीत वाढलेला, पण घरच्यांमुळे मनानं न्यूकॅसलचा. न्यूकॅसलनं त्याला आधी उसनवारीवर आणि मग सुमारे २ कोटी ८० लाख पौंडांना घेतलं. चेल्सीला निव्वळ नफा झाला आणि पोरगा लहानपणच्या संघात पोचला. आता न्यूकॅसलच्या वहीत त्याच्या नावावर रक्कम आहे. लगेच विकला तर नफा पातळ, म्हणून तो अँडरसनपेक्षा सुरक्षित. हे कवच कायमचं नाही, दर वर्षी झिजतं, हेही खरं. पण विशीतल्या मुलाला जी तीन-चार वर्षं हवी असतात ती त्यातून मिळतात.

लहानपणचा संघ सोडून समोरच्याकडून खेळलं तर खेळात कसर राहते, हा समज टिकणारा नाही. एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातलाच दुसरा क्लब. जेमी कॅरागर एव्हर्टनच्या गोटातला पोरगा, लिव्हरपूलकडून ७३७ सामने खेळला. इयन रशही लहानपणी एव्हर्टनचाच. लिव्हरपूलकडून ३४६ गोल, आणि त्यातले २५ एव्हर्टनवर. उलट वेन रुनी पक्का एव्हर्टनचा, तरी २००४ मध्ये अठराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला गेला तेव्हा एव्हर्टन कर्जात होता आणि त्याच्या रकमेनं हातभार लागला. २०१७ मध्ये तो परतला, त्या मोसमात लीगमध्ये १० गोल केले, एव्हर्टनच्या कुणाहीपेक्षा जास्त. पण पाय थकले होते. उशिरा यावं म्हणतो ते इतकंही उशिरा नको. पंचविशी ते तिशी ही वेळ बरी.

ज्याला तरीही घरच्याच क्लबात सुरुवात करायची आहे त्यानं सही करताना डोळे उघडे ठेवावेत. इंग्लंडात सतराव्या वर्षी पहिला व्यावसायिक करार करता येतो आणि अठराच्या आतल्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा लांबचा करार फिफाला मान्य नाही. घोटाळा बहुधा त्यापुढच्या करारात होतो. ‘आपलाच आहे’ म्हणून पगार कमी लावला जातो आणि पोरगा लाजेनं बोलत नाही. तोच पोरगा दुखापत लपवून उतरतो, कधी लेफ्ट बॅक तर कधी मिडफिल्ड अशी सांगेल ती जागा भरतो, आणि एका जागेवर पक्का न झाल्यामुळे भाव उतरतो. पगार विकत घेतलेल्या खेळाडूंशी ताडून मागावा, आणि करारात सुटकेची रक्कम लिहून घ्यावी. जॅक ग्रीलिशनं २०२० च्या करारात १० कोटी पौंडांचं कलम घातलं होतं. पुढच्या वर्षी मँचेस्टर सिटीनं तेवढे मोजले, व्हिलाला नाही म्हणता आलं नाही, आणि त्या पैशातून व्हिलानं नवे खेळाडू आणले. व्हिलाचा जन्मजात भक्त असलेल्या या पोरानं क्लबाला रिकाम्या हातानं ठेवलं नाही. अलेक्झांडर-अर्नोल्डनं करार संपू दिला. लिव्हरपूलच्या हाती महिनाभर आधी सोडल्याचे सुमारे १ कोटी युरो तेवढे आले. माझा आक्षेप असलाच तर तो या पद्धतीला आहे, जाण्याला नाही.

हे आपल्याकडे सांगायचं कारण कोल्हापूर. इथे संघ तालमीचा आणि तालीम पेठेची. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस या नावांवर शाहू स्टेडियम भरतं. पेठेचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून उतरला की त्याच्या घरापर्यंत बोल जातात. त्याच वेळी पेठेचेच लोक बाहेरचे खेळाडू आणून हंगाम काढतात. पोरानं निष्ठा ठेवायची आणि मंडळानं मात्र ती विकत आणायची, हे न्यूकॅसलच्या वहीपेक्षा वेगळं नाही. अनिकेत जाधव कोल्हापुरातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दिसला. पेठेतच राहिला असता तर? आणि मंडळांनी एक काम करावं, मुलाची नोंदणी दर हंगामाला वेळेवर आणि कागदावर करावी. करारातला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्यांत वाटायचा फिफाचा नियम आहे. वय १२ ते १५ साठी दर वर्षाचे पाव टक्का, १६ ते २३ साठी अर्धा टक्का. ज्या वर्षाची अधिकृत नोंद नाही त्या वर्षाचा हक्क सांगता येत नाही, मग पोरानं मंडळाच्या शर्टात कितीही गोल मारलेले असोत.

शेवटी आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. बदलीच्या बातमीत रकमेचा आकडा मथळ्यात येतो. त्याच्या शेजारी आणखी तीन गोष्टी छापाव्यात. करार किती वर्षांचा होता, त्यातली किती उरली होती, आणि खेळाडू विकत घेतलेला होता की अकादमीतला. एका ओळीत बसतील.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर